भंडाऱ्याचा शब्द

ढोणेवस्तीच्या विहिरीला पायऱ्या नव्हत्या. कधीकाळी कुणीतरी कडेच्या खडकात पाय अडकवण्यापुरत्या खोबणी काढल्या होत्या, तेवढ्यावरच वस्तीचं भागत होतं. चांगल्या सालात खाली उतरायची वेळच येत नसे. पोहरा सोडला की भरून यायचा. पण त्या साली मृग कोरडा गेला, हस्त कोरडा गेला, आणि संक्रांत व्हायच्या आत विहिरीचा तळ उघडा पडला. तळाशी उगवतीच्या अंगाला एक झरा तेवढा झिरपत होता. एका बाईनं खाली उतरून बसायचं, जर्मनच्या वाटीनं पाणी खरवडून घागर भरायची आणि वरच्या बायांनी ती दोरानं ओढून घ्यायची, असं चाललं होतं. गड्यांनी का उतरू नये हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणाला उत्तरही सुचलं नसतं. पाणी भरणं हे बायांचं काम, एवढंच.

उतरायला अंगानं हलकी बाई लागे, म्हणून बहुतेक वेळा तानुबाई उतरायची. तानुबाई ही हरिबा ढोण्याची सून. तिचा नवरा जोतीराम दिवाळीतच मेंढरं घेऊन कृष्णेकाठाला गेला होता, उंब्रजच्या आसपास रानारानांतून खतासाठी कळप बसवत फिरत होता. जाताना बापाला एवढंच म्हणाला होता, "आबा, हिला संबाळा." तिला दिवस गेलेत हे त्यानं तोंडानं सांगितलं नाही. त्याची आई हरणाबाई ते सगळ्या वस्तीला सांगून मोकळी झाली होती.

एके सकाळी तानुबाई भरली घागर वर पाठवून मागनं चढत होती. अर्ध्यावर आली आणि तिचा पाय खोबणीतून निसटला. हात दोराला होते म्हणून ती लोंबकळली. गुडघा सोलवटला, पोट मात्र खडकावर आपटता आपटता वाचलं. काठावरच्या बायांनी एकच गलका केला. हरणाबाईनं पालथं पडून सुनेचं मनगट धरलं आणि तिला ओढून वर घेतलं. मग पदरानं तिचा गुडघा पुसत म्हणाली, "उद्यापास्नं तू उतरायचं न्हाईस."

"मग कोन उतरंल, आत्ती?"

"मी हाय की."

"तुमचं गुडगं धरल्यात न्हवं?"

"धरूंद्यात. माझ्या पोटात प्वार न्हाई," हरणाबाई म्हणाली. बाया हसल्या. हरणाबाईही हसली, पण तिनं विहिरीत एकदा वाकून पाहिलं तेव्हा तिचं हसू गेलं होतं.

तसं पाहिलं तर सरकारचा टँकर येत होता. तो लोणमाळ गावात येई आणि गावच्या विहिरीत पाणी ओतून जाई. वस्ती गावापासून कोसभर आत. वस्तीच्या बाया घागरी घेऊन गेल्या की गावच्या बाया म्हणायच्या, "आदी गावाचं हुंद्या." गावाचं होईपर्यंत विहिरीत नुसता गाळ उरे. टँकर पुढे वस्तीवर यायचा तर मध्ये ओढा आडवा. ओढा ठणठणीत कोरडा, पण दोन्ही काठ उभे तुटलेले. बैलगाडीसुद्धा उतरत नसे. काठ छाटून, दगड-मुरूम टाकून दोन्हीकडून उतार केला की झालं. दहापाच माणसांचं दोन दिवसांचं काम. तेवढ्यापायी सगळी वस्ती पाण्याला मुकली होती.

आता हे काम वस्तीनं स्वतः का केलं नाही? त्याचं कारण हरिबा होता, आणि हरिबाच्या मागे बिरोबा.

हरिबाच्या घराकडे बिरोबाची पूजा होती. आदल्या उन्हाळ्यात पंचायत समितीचं इलेक्शन झालं, तेव्हा लालासाहेब मतं मागायला वस्तीवर आले. देवळात बसले. वस्तीनं ओढ्याचं सांगितलं. हरिबानं त्यांच्या हातावर भंडारा ठेवला. लालासाहेबांनी हळदीनं पिवळी झालेली मूठ कपाळाला लावली आणि सगळ्यांसमक्ष बोलले, "ओढ्याला उतार करून तुमच्या दारात गाडी आननार. बिरोबा साक्षी हाय." मग भंडारा देवावर उधळला. ढोल वाजले. वस्तीचं एक मत इकडचं तिकडं झालं नाही. लालासाहेब निवडून आले आणि पुढे सभापतीही झाले.

मेंढरं राखणाऱ्यांत भंडाऱ्याचा एक कायदा असतो. ज्यानं भंडारा उचलून शब्द दिला, त्याला त्या शब्दाची पुन्हा आठवण करून द्यायची नाही. आठवण करून देणं म्हणजे देव झोपलाय असं म्हणणं. एकानं दुसऱ्याचा एडका, म्हणजे मेंढा, नेला आणि भंडारा उचलून सांगितलं की पुढच्या साली परत करीन, तर धनी तोंडानं मागत नसे, आणि पुढच्या साली एडका दारात बांधलेला असे. हा कायदा खरोखर चालत होता. चालत होता कारण दोघंही एकाच देवाला भीत होते. लालासाहेबांची भीती निराळ्या ठिकाणी होती. पण ही गोष्ट हरिबाच्या डोक्यात शिरायला फार उशीर लागला. उतार आपण केला तर सभापतीचा शब्द आपणच खोटा पाडल्यासारखा होईल, असंही त्याचं म्हणणं होतं. वस्ती त्याला मान देई. शिवाय हे म्हणणं सोयीचंही होतं, कारण त्यात कुणालाच काही करावं लागत नव्हतं.

दिवसभर सगळी वस्ती दुष्काळी कामावर असायची. कवठे महांकाळच्या बाजूला जाणाऱ्या एका सडकेसाठी खडी फोडायचं काम निघालं होतं. टायरच्या तुकड्याची कडी करायची, तिच्यात दगड धरायचा आणि हातोडी घालायची. डोळ्यांत कपची जायची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असत, तरी नखं काळीनिळी पडत. डोक्यावर झाड नाही. ऊन वरून आणि दगडांतून दोन्हीकडून लागे. हरिबा, हरणाबाई आणि तानुबाई एका रांगेत बसत. दुपारी पिठागुळाची सरकारी सुकडी मिळे, ती हरणाबाई आपली अर्धी सुनेच्या पदरात टाकी.

शेजारच्या रांगेत पवारमळ्याचा केरबा पवार बसायचा. गडी जिभेला सैल. एके दिवशी हातोडी खाली ठेवून म्हणाला, "काय हरिबा, वस्तीवर टँकर आला का न्हाई अजून?"

"ईल," हरिबा म्हणाला.

"ईल म्हंजी? अवं, आमच्या मळ्यात धा घरं न्हाईत, तरी रोज येतूय. आमी काय केलं? दर सोमवारचं लालासाबाच्या सोप्यात जाऊन बसलो. पयल्या खेपंला भेटलं न्हाईत. दुसऱ्या खेपंला वरडलं आमच्याव. तिसऱ्या खेपंला दिला टँकर. वैतागून दिला, पर दिला."

"आमाला दारात बसायची सवं न्हाई."

"सवं लागती हो. बसून तर बगा."

मुकादम तिथंच उभा होता. तो म्हणाला, "खरं सांगतो, हरिबा. हितं खडी पडलीया ती बगा. वरनं हुकूम आला तर उद्या गँग नेऊन लावतो तुमच्या ओढ्याव. माझं काय जातंय? पर हुकूम पायजे."

हरिबानं दगड कडीत धरला आणि जरा जोरानंच हातोडी घातली. हरणाबाईनं हे सगळं ऐकलं होतं. तिची हातोडी मात्र थांबली होती.

सांजच्याला घरी तिनं रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या. लाल, जाड, चिरा पडलेल्या भाकरी. हरिबासमोर पितळी ठेवून ती म्हणाली, "सोमवारी जावा."

"कुठं?"

"कुठं ते म्हाईत हाय तुमाला."

"हरने, त्येनी भंडारा उचललाय. माझ्या हातनं उचललाय."

"उचलला की. मी काय न्हाई म्हनते? पर देवाला पावसाचं बगायचं हाय, मेंढराचं बगायचं हाय. ओढ्याचं सभापतीनं बगायचं. त्येला कुनी सांगाय नगं?"

"सांगायचं म्हंजी मी माझ्याच देवाला खोटा पाडायचा?"

"मग मी जाते. बाया घेऊन जाते चार."

हरिबा हातातला घास ठेवून तिच्याकडं बघत राहिला. "बायका जाऊन सभापतीच्या सोप्यात बसनार? वस्तीत गडी मेलं का समदं?"

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना हरणाबाईनं बिराप्पाला गाठलं. बिराप्पा वस्तीतला सगळ्यांत जाणता माणूस, हरिबाच्या बरोबरीचा. तो तंबाखू मळत म्हणाला, "अगं, यवढा मोटा मानूस त्यो. त्येला म्हाईत असतंयच की समदं."

"आन् म्हाईत नसलं तर?"

"तर मग आपल्या सांगन्यानं काय हुनार हाय? आपुन मत दिलं, आपलं काम झालं." आणि त्यानं तंबाखू दाढेखाली सोडली. बरोबरच्या चौघांनी माना डोलावल्या. एकाच दमात माणसानं दोन उलट गोष्टी सांगाव्यात आणि चौघांनी दोन्हींना माना डोलवाव्यात, अशी ही वस्ती. हरणाबाईला रडू आलं नाही, चीड आली. ती कुणाच्या पुढं काढायची हे तिला कळेना, म्हणून तिनं दिवसभर दगडांवर काढली.

रोज पहाट सरली की हरणाबाई विहिरीत उतरे. दोर कमरेला बांधून, एकेक खोबण पायानं चाचपत. खाली पोचली की उकिडवी बसे. गुडघे असे काही ठणकत की वाटी भरताना तिचे ओठ दाताखाली असत. वरून तानुबाई हाक मारी, "आत्ती, बास करा." खालून आवाज येई, "अजून एक." घागरभर पाणी साठायला किती वेळ लागतो हे हरिबाला माहीत नव्हतं. तो तेव्हा देवळात दिवा लावत असे.

मग एक दिवस लालासाहेब स्वतः खडीवर आले. जीप धुरळा उडवत थांबली. सगळे उठून उभे राहिले. लालासाहेबांनी डोळ्यावरचा चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता हे सांगितलं पाहिजे. उन्हात रांगेनं चालत गेले, सुकडी हातावर घेऊन तोंडात टाकून पाहिली, एका म्हातारीच्या सुजलेल्या बोटाकडं बघून मुकादमाला म्हणाले, "हिला पानी द्यायच्या कामाव लावा." हरिबापाशी आले आणि ओळख धरून थांबले.

"काय हरिबा, वस्तीचं बरं हाय न्हवं?"

सगळी रांग ऐकत होती. पवारमळ्याचा केरबा तर मान पुढं काढून बघत होता. हरिबानं डोक्याचा पटका सारखा केला. त्याला वाटलं, आता देवच याच्या तोंडून वदवेल. याचा शब्द याला आपसूक आठवेल. आपण नुसतं उभं राहायचं.

"बरं हाय," तो म्हणाला. "तुमच्या किरपेनं समदं ब्येस हाय."

"झालं तर मग," लालासाहेब म्हणाले.

"सायेब," मागनं हरणाबाईचा आवाज आला. ती हातोडी हातात तशीच धरून एक पाऊल पुढं आली होती. लालासाहेब वळले. हरिबाही वळला. नवऱ्यानं चार माणसांत बायकोकडं बघायची एक नजर असते, तीच त्यानं टाकली. तेहतीस कोटी देव एका बाजूला आणि ती नजर एका बाजूला. हरणाबाईचं तोंड उघडं राहिलं. मग ती म्हणाली, "काय न्हाई. सुकडीत गूळ जरा वाढवा म्हनलं."

लालासाहेब हसले. बरोबरची माणसं हसली. "वाढवू, वाढवू," म्हणत ते जीपकडं गेले. धुरळा खाली बसेपर्यंत हरणाबाई तिथंच उभी होती. घरी जाताना ती रस्ताभर हरिबाच्या मागं चालली.

त्यानंतर होळीच्या सुमाराला ती पडली. चढताना नव्हे, उतरताना पडली. खोबणीतला एक दगडच निखळला. वरच्या दोघींच्या हातातून दोर सुटला, त्यांच्या तळहातांची सालटी गेली. खाली पाणी असतं तर एवढा मार बसला नसता. तिथं चिखल आणि खडक. तानुबाई काठावर बसून "आत्ती, आत्ती" करत राहिली, आणि बऱ्याच वेळानं खालून आवाज आला, "घागर फुटली का बग."

गडी धावले. तिला दोरानं वर काढताना तिची किंकाळी ऐकून शेळ्यांनी दावी तोडली. बाजेवर घालून तिला चौघांनी उचललं. ओढ्यापाशी आले तर बाज सरळ धरून काठ उतरता येईना. पुढचे दोघे खाली, मागचे वर, हरणाबाई बाजेवरून घसरायला लागली. तिला पटक्यानं बाजेला बांधलं. जनावराला बांधावं तसं. हरिबा बाजेचा मागचा पाय खांद्यावर घेऊन तो उभा काठ उतरला, आणि पलीकडचा चढला. तो ओढा त्यानं जन्मभर ओलांडला होता. इतका उभा तो कधी वाटला नव्हता. गावातून बैलगाडी, मग मिरजेला दवाखाना. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. खुब्याचं हाड या वयात धड सांधत नाही, असं त्यांनी हरिबाला समजावून सांगितलं. आता बसायचं झालं तरी दुसऱ्यानं बसवावं लागेल.

ती घरी आली ती बाजेवरच. पुन्हा त्याच ओढ्यातून.

जोतीरामला मेंढक्यांकरवी सांगावा गेला होता. तो कळप सोबत्यांवर टाकून आला. आईच्या उशाशी बसला, तिच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिला. तानुबाईनं भाकरी वाढली, ती त्यानं खाल्ली. हात धुऊन झाल्यावर बापाला म्हणाला, "येताना पवारमळ्यावरनं आलो. पोरं टँकरच्या नळाखाली उबी हुती."

हरिबानं पटका काढून मांडीवर ठेवला.

"आबा, तुमी एकडाव तरी गेला हुता का लालासाबाकडं?"

"त्येनी भंडारा उचललाय, जोत्या."

जोतीरामनं बापाकडं नुसतं पाहिलं. आतून हरणाबाईच्या कण्हण्याचा आवाज येत होता. सकाळी उजाडताच तो निघाला, कारण कळप परक्या रानात होता. निघताना आईच्या पाया पडला. बापाच्या पाया पडला नाही.

तो नजरेआड होतोय तोवर तानुबाई दोर खांद्यावर टाकून घागर घेऊन बाहेर पडली. तिचं पोट आता लुगड्यात मावत नव्हतं. हरिबानं विचारलं, "कुठं निगालीस?"

"पान्याला."

"खाली कोन उतरतंय?"

"पाळी लावलीया बायांनी. आज माझी हाय, मामा."

हरिबा उठला आणि तिच्या खांद्यावरचा दोर त्यानं काढून घेतला. विहिरीवर बाया होत्या, त्या पदर सावरून बाजूला झाल्या. हरिबानं धोतर खोचलं, दोर कमरेला बांधला आणि उतरला. निखळलेल्या दगडाची जागा पायाला लागली तेव्हा त्यानं पाय आवरून पुढची खोबण चाचपली. खाली पोचला. उकिडवा बसला. झऱ्यापाशी ओंजळभर पाणी साठलेलं होतं. त्यानं वाटीनं ते उचललं, घागरीत ओतलं आणि पुढचं साठायची वाट बघत बसला. वाट बघितली. पुन्हा वाटी. पुन्हा वाट बघणं. पायांना मुंग्या आल्या, कंबर भरून आली, खडकाचा वास नाकात बसला. घागर गळ्यापर्यंतही आली नव्हती. ही बाई रोज हे करत होती आणि आपण वर दिवा लावत होतो, हे त्याला तिथं कळलं. तो विहिरीत एकटाच होता, म्हणून रडला.

वर आला आणि घरी गेलाच नाही. चिखलानं भरलेलं धोतर, उघडं अंग, खांद्यावर घोंगडं. तसाच ओढा उतरून, गाव ओलांडून लालासाहेबांच्या गावाची वाट धरली. दिवस माथ्यावर यायच्या आत त्यांच्या सोप्यात जाऊन उभा राहिला. तो दिवस सोमवारही नव्हता.

लालासाहेब झोपाळ्यावर बसले होते. बाजूला खुर्चीवर दुष्काळी कामाचे ओव्हरसियर साहेब होते. लालासाहेब उठले. "या या, हरिबा. काय ह्यो अवतार? बसा. चा आना गं एक."

हरिबा जोत्यावरच टेकला. पोरीनं कपबशी आणून ठेवली. त्याला वाटेत पुष्कळ बोलायचं सुचलं होतं. प्रत्यक्षात तो म्हणाला, "वस्तीवर टँकर पायजे, सायेब. ओढ्याला उतार न्हाई. बायकू हिरीत पडली. खुबा मोडला."

लालासाहेबांचा चेहरा खरोखरच उतरला. "अरारा. कवा?" आणि मग ओव्हरसियरकडं वळून, "ओ, ढोणेवस्तीच्या ओढ्याला काय लागंल?"

"बघितलाय मी तो ओढा. खडी तर फोडून पडलेलीच आहे. एक गँग दोन दिवस लावली की झालं."

"मग उद्या सकाळी लावा. आन् लोनमाळच्या टँकरवाल्याला सांगा, तेरवापास्नं एक खेप वस्तीव. सांगताय न्हवं?"

"सांगतो की," ओव्हरसियर म्हणाले.

हरिबानं बशीत ओतलेला चहा अजून तोंडाला लावला नव्हता. त्यातून वाफ निघत होती.

"तुमी भंडारा उचलला हुता," तो हळूच म्हणाला.

लालासाहेबांनी आठवून पाहिलं. आठवलंसुद्धा त्यांना. "व्हय, उचलला हुता की. चुकलंच माझं, हरिबा. अवं, इलेक्शनात किती देवळं झाली, कुठं काय बोललो, समदं ध्यानात ऱ्हातंय व्हय? हितं रोज पन्नास मानसं येत्यात. जो येतूय त्येचं काम डोळ्याम्होरं ऱ्हातंय. आन् मी तर खडीव तुमास्नी इचारलं. चार मानसांत इचारलं. तुमी म्हनाला, ब्येस हाय."

"म्हनलं," हरिबा म्हणाला.

"एकडाव यायचं की. आमाला काय सपान पडतंय?"

बोलण्यात दरडावणी नव्हती. दरडावलं असतं तर हरिबाला बरं वाटलं असतं. त्यानं बशी उचलली. तशीच ठेवली आणि रामराम घालून उठला.

दुसऱ्या दिवशी मुकादम गँग घेऊन आला. गँगमध्ये वस्तीचीच माणसं होती. पहारीनं काठ पाडला, मुरूम ओढला, खडी अंथरली, वर माती टाकून धुम्मसानं चोपली. हरिबानं कुणाला न सांगता दोघांचं काम एकट्यानं केलं. ठरल्या दिवशी दुपारी टँकर घरघरत ओढा उतरला, पलीकडून चढला आणि वस्तीच्या मधोमध येऊन थांबला. बाया, पोरं, म्हातारी, सगळी घागरी-कळशा घेऊन धावली. पाण्याच्या आवाजानं शेळ्यासुद्धा ओरडायला लागल्या. तानुबाईनं पहिली घागर भरली ती बाजेपाशी नेली आणि सासूला ओंजळीनं पाणी पाजलं. हरणाबाई खूप प्यायली.

बाहेर बिराप्पाचा आवाज चढला होता. "बगितलं का? भंडारा उचलला हुता गड्यानं. देवानं करून घेतलं का न्हाई? उशीर हुतूय, पर बिरोबा सोडत न्हाई." माणसं हो हो म्हणत होती. लालासाहेबांना बोलवायचं, पटका बांधायचा, बकरं कापायचं, असं ठरत होतं.

हरिबा बाजेच्या कडेला खाली बसला होता. हरणाबाई छताकडं बघत म्हणाली, "तितं गेल्याव काय झालं त्ये सांगिटलं न्हाईसा."

"दिला म्हनलं की टँकर."

"किती येळ लागला?"

हरिबानं खाली मान घातली.

"आवं, इचारते मी. बसवून ठेवलं का? वरडलं का?"

"न्हाई."

"मग किती येळ?"

"चा निवला नव्हता अजून," हरिबा म्हणाला.

हरणाबाईनं डोळे मिटले. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी निघून कानाकडं गेलं. ते पुसायला हात उचलणंही तिला दुखत होतं, म्हणून हरिबानं पुसलं. त्याला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"भाईर जावा," ती म्हणाली. "आन् ह्ये त्येंला सांगा. चा निवला नव्हता, म्हनून सांगा. वस्तीला साळा न्हाई, सडक न्हाई, त्येबी असंच जाऊन मागाय पायजे. आता तरी सांगा."

हरिबा उठला. दारातून त्याला सगळी वस्ती दिसत होती, ओली, हसणारी. तो बाहेर गेला. हरणाबाई कान देऊन पडून राहिली. गलका जरा थांबला. हरिबाचा आवाज आला, पण शब्द नीट कळत नव्हते. मग एकदा स्पष्ट ऐकू आलं, "माझ्यापायी झालं ह्ये. नुसतं जायाचं हुतं. कवाबी जायाचं हुतं." मग बिराप्पा म्हणाला, "हरिबा, देवाच्या दारात असं वंगाळ बोलू नगं. दुक्क झालंय तुला, समजतंय आमाला." आणि माणसं पुन्हा आपापसांत बोलायला लागली.

हरिबा आत आला आणि खाली बसला.

"सांगिटलं?" हरणाबाईनं विचारलं.

"सांगिटलं."

"मग? काय म्हनाली?"

बाहेर कुणीतरी देवळातून ढोल काढून आणले होते. कातडं तापवायला पाचटाचा जाळ केला होता, त्याचा धूर दारातून आत येत होता.

"आयतवारी लालासाबाला बोलवनार हायत," हरिबा म्हणाला. "सत्कार हाय."